रास्पबेरी पाय : चुका करत शिकण्यासाठी बनवलेला संगणक

मोबाईल आज आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. पण त्याच्या आत काय चालते, असे कोणी विचारले तर आपण गप्प होतो. तो उघडून पाहावा तर बिघडण्याची भीती, आणि बिघडला तर घरात बोलणी. म्हणून आपल्यात तंत्रज्ञान वापरणारे पुष्कळ, पण तयार करणारे थोडे. ही भीती घालवण्यासाठीच बनवलेला एक छोटा संगणक आहे, रास्पबेरी पाय. त्यावर सुरुवात कशी करावी, हे आम्ही येथे सांगत आहोत.

तो का तयार झाला?

2006 च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खटकली. संगणकशास्त्रासाठी येणारे अर्ज घटत होते आणि मुलांचा प्रोग्रॅमिंगचा सरावही कमी झाला होता. 1980 च्या दशकात तेथे बीबीसी मायक्रोसारखा घरगुती संगणक चालू केला की लगेच बेसिक भाषेत आज्ञा लिहिता येत. पुढे गेम खेळण्याची यंत्रे आणि महागडे संगणक आले. घरातल्या एकुलत्या एक संगणकावर मुलांना प्रयोग करू कोण देणार? म्हणून स्वस्त संगणक बनवायचे ठरले. 29 फेब्रुवारी 2012 रोजी पहिले मॉडेल 35 डॉलरला विक्रीस आले.

त्यात काय असते?

एटीएम कार्डाएवढ्या एका बोर्डावर प्रोसेसर, मेमरी आणि यूएसबी असते. एचडीएमआयने तो घरच्या टीव्हीला जोडता येतो. हार्ड डिस्क नसते. लिनक्सवर आधारलेली यंत्रणा छोट्या मेमरी कार्डावर असते. प्रयोग करताना यंत्रणा बिघडली तर कार्ड पुसून ती पुन्हा भरायची, की संगणक नव्यासारखा. फक्त आपल्या फाईलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी.

बोर्डाच्या कडेला 40 पिना असतात. दिवा, बटण, सेन्सर यांना प्रोग्रॅमने हाताळायचे ते या पिनांमधून.

पहिला धडा : एक दिवा

लाल एलईडीचा लांब पाय 330 ओहमच्या रेझिस्टरमधून 11 क्रमांकाच्या पिनेला जोडा आणि आखूड पाय 9 क्रमांकाच्या ग्राउंड पिनेला. पायथन भाषेत ही 11 क्रमांकाची पिन जीपीआयओ 17 या नावाने ओळखली जाते. चार-पाच ओळींत दिवा लुकलुकू लागतो.

रेझिस्टर कशाला? पिन 3.3 व्होल्ट देते, लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो. उरलेल्या 1.3 व्होल्टला 330 ने भागले की सुमारे 4 मिलिअँपिअर प्रवाह येतो. तो दिव्यालाही सोसतो आणि पिनेलाही. शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम येथे डोळ्यांसमोर काम करतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. जोडणी करताना वीज बंद ठेवा. संगणक रीतसर बंद केल्याशिवाय वायर काढू नका, कार्डावरील माहिती खराब होऊ शकते. आणि जीपीआयओ पिनेला 5 व्होल्ट कधीही देऊ नका. घाईत हीच चूक करून आम्ही एक बोर्ड गमावला आहे. कार्ड पुन्हा भरता येते, जळलेली पिन परत येत नाही.

कोणता घ्यावा?

केवळ दिवे, बटणे, सेन्सर शिकायचे असतील तर 2021 मध्ये आलेला पिको पुरेसा आहे. तो काही शे रुपयांत मिळतो. तो पूर्ण संगणक नाही, मायक्रोकंट्रोलर आहे. प्रोग्रॅम लिहायला जवळ दुसरा संगणक लागतो. मातीतला ओलावा मोजणारे साधे सेन्सर कमी-जास्त होणारा व्होल्टेज देतात. तो पिकोला थेट मोजता येतो, मोठ्या पायला मात्र त्यासाठी वेगळी चिप जोडावी लागते. हे न कळल्याने अनेकांचे पैसे वाया जातात.

टीव्हीला जोडून पूर्ण संगणक हवा असेल तर मोठा पाय घ्यावा. त्याला काही हजार रुपये लागतात. शिवाय पॉवर सप्लाय, कार्ड, केबल आणि कीबोर्डचा खर्च धरून चला. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावा.

वस्तीसाठी उपयोग

दिव्यावर थांबू नका. किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर आणि मराठी विकिपीडियाची साठवलेली प्रत पायवर टाकली, की तो वायफायवरून आजूबाजूच्या मोबाईलना ती दाखवू शकतो. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही आणि रिचार्जही. ज्या अभ्यासिकेत नेटवर्क पोहोचत नाही, तेथे ही सोय फार मोलाची आहे. ती उभी करताना आपण लिनक्स, नेटवर्क आणि सर्व्हर शिकतो, ते वेगळेच.

येत्या रविवारी दोन-तीन मित्रांनी मिळून एक दिवा पेटवून पाहा. तो पहिल्यांदा पेटणार नाही, बहुधा एलईडी उलटा लागलेला असेल. तो सुलटा करा, आणि पुढच्या रविवारी वस्तीतल्या एखाद्या लहान मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून वायर त्यांच्या हातात द्या.