दुबळा शेजारी हवाच होता

राक्षसभुवनला लोक जातात ते शनीच्या दर्शनाला. गेवराई तालुक्यातल्या याच गोदाकाठावर १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट दीड ओळीत आटोपते. लढाई मोठीच, पण मला तिच्यानंतरचा तह जास्त विचारात पाडतो. निजामाचं राज्य त्या दिवशी पुण्याच्या मुठीत आलं होतं. पुण्यानं मूठ पुरती आवळली नाही, पुरती सोडलीही नाही. १७२८ ते १७९८ अशी सत्तर वर्षं हेच धोरण चाललं.

खिळखिळ्या राज्यांशी बलवान राष्ट्रांनी कसं वागावं, यावर आज जगभर खल चालतो. वॉशिंग्टनमधली एक संस्था तर २००५ पासून अशा देशांची क्रमवारीच लावते. अठराव्या शतकातल्या दख्खनची यादी कोणी केली असती, तर निजामाचं आसफजाही राज्य तीत बरंच वर असतं. फक्त पुणेही फार खाली नसतं.

सुरुवात पालखेडपासून करू. फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावानं निजामउल्मुल्काला तिथं कोंडलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दख्खनच्या सहा सुभ्यांवरचा शाहूचा चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क निजामानं कबूल केला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहावा. मुलूख निजामाचा, कारभार त्याचा आणि वसुलीत वाटा पुण्याचा. गावात निजामाचा आमील यायचा आणि मराठ्यांचा कमाविसदारही यायचा. या दुअमलीत रयतेचं काय होत असेल, याची फिकीर दोन्ही दरबारांच्या तहनाम्यांत दिसत नाही. पुण्याच्या दृष्टीनं मात्र सौदा छान होता. राज्य चालवण्याची कटकट नाही आणि पैसा दरसाल. पण एवढ्यासाठी शेजारी जगायला हवा आणि तो दुबळाच राहायला हवा.

१७४८ मध्ये बऱ्हाणपूरला निजामउल्मुल्क वारला आणि हे राज्य आपणहून दुबळं झालं. नासिरजंग मारला गेला, मुजफ्फरजंग मारला गेला. बुसीच्या फ्रेंच पलटणींच्या बळावर सलाबतजंग गादीवर आला. थोरला भाऊ गाजीउद्दीन दिल्लीहून हक्क सांगायला आला, तो १७५२ मध्ये औरंगाबादेत विषानं मेला. नानासाहेब पेशव्यांनी या भाऊबंदकीचा पुरेपूर फायदा घेतला. भालकीचा तह, सिंदखेडची लढाई आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर, दर वेळी मुलखाचा एकेक तुकडा मराठ्यांकडे आला. उदगीरला तर निजाम संपल्यात जमा होता. पण उत्तरेतून अब्दालीच्या बातम्या आल्या आणि भाऊसाहेब पानिपतच्या वाटेला लागले.

वर्षभरात पारडं फिरलं. पानिपतानंतर सलाबतजंगाचा भाऊ निजामअली पुण्याच्या वेशीपर्यंत, उरुळीपर्यंत आला. वाटेत गोदाकाठचं टोकं लुटलं. पुण्यात राघोबादादा आणि माधवराव पेशवे या चुलत्या-पुतण्यांचा तंटा पेटलेला होताच. नागपूरकर जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि १७६३ च्या उन्हाळ्यात निजामानं पुणं लुटून जाळलं. शेजाऱ्याच्या घरातली भांडणं वापरण्याची विद्या एकट्या पुण्याची नव्हती.

मग राक्षसभुवन. गोदावरीला पाणी होतं. निजामअली नदी ओलांडून पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीच्या फौजेसह अलीकडे. मराठ्यांनी त्याला तिथंच गाठलं. राघोबादादांचा हत्ती शत्रूच्या वेढ्यात सापडला, तो अठरा वर्षांच्या माधवरावांनी सोडवला. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडच्या काठावरून निजामाला काही करता आलं नाही. जानोजी आधीच दूर झाले होते. औरंगाबादच्या तहात ८२ लाखांचा मुलूख मिळाला आणि निजामअली गादीवर राहिला.

का राहिला? माधवरावांच्या दक्षिणेला हैदर वाढत होता, घरात राघोबा होते आणि पानिपतात खर्ची पडलेली माणसं परत येणार नव्हती. तेवढ्यापुरता निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. पण तात्पुरत्या शहाणपणाची पुढे सवय झाली. निजामाला मित्र म्हणून उभं करायचं, की गिळायचं, हे पुण्यानं कधी ठरवलंच नाही. दरम्यान, नोव्हेंबर १७६६ मध्ये निजामअलीनं इंग्रजांशी तह केला: उत्तर सरकार तुम्हाला, गरज पडली तर पलटणी आम्हाला. आपल्या देणेकऱ्याला दुसरा सावकार भेटलाय, हे पुण्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटची मोठी वसुली खर्ड्याला झाली. खर्डा आज जामखेड तालुक्यात, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत. ११ मार्च १७९५ च्या लढाईला चौथाईच्या थकबाकीवरून सगळे मराठे सरदार एकत्र आले. पुन्हा असे कधी आले नाहीत. निजामानं इंग्रजांकडे मदत मागितली, तर गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, मुलूख, वर त्याचा दिवाण मुशीरउल्मुल्क ओलीस, असा तह झाला. याला विजय म्हणतात खरा. माझ्या मते पुण्याच्या परराष्ट्र धोरणातली ही सर्वांत महागडी वसुली.

कारण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि वारशाच्या घोळात तोच ओलीस दिवाण वाटाघाटीला बसला. महाडच्या करारात नाना फडणीसांनी खर्ड्याची बरीचशी कमाई परत देऊ केली. नागवलेला निजाम आता पुण्यावर विसंबणार नव्हता आणि तटस्थ इंग्रजांवरही त्याचा भरवसा उरला नव्हता. त्यानं रेमंडच्या फ्रेंच पलटणी वाढवल्या. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला नेमकं हेच निमित्त हवं होतं. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामानं तैनाती फौज स्वीकारली आणि फ्रेंच पलटणी मोडल्या गेल्या. १८०० मध्ये फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्प्याचा मुलूखही गेला. वसईच्या तहात, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावानं निजामावरचे आपले दावे इंग्रजांच्या लवादाकडे सोपवले. ज्याच्याकडून चौथाई घ्यायची, त्याच्याच रक्षणकर्त्याकडे अर्ज करायचा.

इंग्रजांनी दुबळ्या राज्याला मारलं नाही, पोसलं आणि पोसण्याचं बिल लावलं. निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादेत, होती. या कंटिन्जंटच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाडाचा महसूल इंग्रजांच्या ताब्यात गेला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. निजामाचं राज्य पुढे आणखी १३० वर्षं टिकलं आणि बीडच्या माणसांची मोगलाई संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.