जहाजावर द्राक्षे थंड कशी राहतात?



नाशिक-सांगलीकडील द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून युरोपात जातात. हा प्रवास तीन आठवड्यांहून अधिक असतो. एवढे दिवस आपला माल जहाजावरील लोखंडी कंटेनरमध्ये, एका यंत्राच्या भरवशावर असतो. हे यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

हे यंत्र थंडी आत ओतत नाही. विहिरीतून पंपाने पाणी उपसावे, तशी ते आतली उष्णता उपसून बाहेर टाकते. वीज जहाजाची असते. पंखा थंड हवा जमिनीवरील पन्हळींतून सोडतो. ती खोक्यांच्या भोकांतून वर चढते, फळांची ऊब घेते आणि छताखालून यंत्राकडे परतते. जाणारी आणि परतणारी हवा मोजण्यासाठी तापमापक असतात. जाणारी हवा ठरल्यापेक्षा गार होऊ लागली, तर यंत्र गारवा कमी करते. नाहीतर तळाची द्राक्षे गोठतील.

द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपास तापमान लागते, केळीला मात्र सुमारे १३ अंश. त्याहून फार गार झाली तर केळीची साल काळवंडते. म्हणून बाहेर कडाक्याची थंडी असेल तेव्हा हेच यंत्र विजेच्या हीटरने आतली हवा ऊबदार ठेवते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. कंटेनर थंड माल थंड ठेवण्यासाठी आहे, गरम माल थंड करण्यासाठी नाही. उन्हात तापलेली द्राक्षे तशीच भरली, तर ती निवायला कित्येक दिवस लागतात. तोवर देठ सुकतात आणि दमट खोक्यांत कूज शिरते. नुकसान युरोपात दिसते, पण त्याची सुरुवात आपल्या बांधावर झालेली असते.

म्हणून काढणी सकाळच्या गारव्यात करा. घड सावलीत ठेवा आणि काही तासांतच पूर्वशीतगृहात पोहोचवा. भरण्यापूर्वी मण्यात तापमापक खुपसून पाहा. नुसत्या हवेच्या आकड्यावर विसंबू नका. आतल्या लाल रेषेच्या वर खोकी रचू देऊ नका, नाहीतर हवेची परतीची वाट अडते.

यंत्र प्रवासभर तापमानाची नोंद ठेवते. माल खराब झाल्याचे कळले, तर निर्यातदाराकडे ती नोंद जरूर मागा. भरतेवेळचे मण्याचे तापमान आपल्याही वहीत लिहिलेले असले, म्हणजे चूक कोठे झाली हे ठरवता येते.