कंबर धरते, पण कशामुळे?

रोवणीचे दिवस आले की वस्तीत घरोघरी एकच बोलणे ऐकू येते, "कंबर धरली." पावसाळ्यात बांधीत दिवसभर वाकून रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल वेचणे आणि तेंदूपत्ता, चंद्रपूर-बल्लारपूरकडे खाणी आणि हमाली. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्यासोबत खेड्यांत पाहणी केली, तेव्हा पाठ-कंबरदुखी हा इथल्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे दिसून आले. म्हणजे हे दुखणे खरे आहे. कामचुकारपणा म्हणून कोणाला हिणवू नये.

मात्र प्रत्येकाची कंबर एकाच कारणाने धरत नाही. दोन प्रकार ओळखता आले तर पुढची अनेक वर्षे वाचतात.

ताणाची कंबरदुखी

सर्वांत जास्त आढळते ती ही. वाकून, ओझे उचलून मणक्याचे सांधे, गादी आणि स्नायू यांवर ताण येतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू दुखऱ्या भागाला हलू न देण्यासाठी आखडून घेतात. आपण लचक भरली किंवा उसण भरली म्हणतो, ती हीच. काम केले की दुखणे वाढते, आडवे झाले की बरे वाटते. सकाळचा ताठरपणा थोडे चालले की सुटतो. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

सुजेची कंबरदुखी

ही कमी लोकांना होते, पण ऐन तरुणपणी, बहुधा चाळिशीच्या आत सुरू होते. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि माकडहाड व खुब्याच्या हाडांमधल्या सांध्यांना, मग मणक्याला सूज येते. यातला मुख्य आजार म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. यात स्नायूही कडक होतात. काही अभ्यासांत यंत्राने मोजल्यावर अशा रुग्णांच्या कंबरेचे स्नायू शांत पडून असतानाही निरोगी माणसापेक्षा जास्त ताठ आढळले. उपचार झाले नाहीत तर पुढे काहींचे मणके एकमेकांना जुळतात आणि पाठ कायमची वाकते.

स्वतःला चार प्रश्न विचारा

१. दुखणे हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त झाले का?
२. सकाळचा ताठरपणा अर्धा तास किंवा जास्त राहतो का?
३. पडून राहिल्याने वाढते आणि हालचालीने कमी होते का?
४. पहाटेच्या आधी दुखण्याने झोपमोड होते का?

बहुतेक उत्तरे 'हो' असतील, शिवाय डोळा लाल होऊन दुखत असेल, टाच दुखत असेल किंवा घरात कोणाला असा आजार असेल, तर तपासणी टाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात, गरज पडल्यास नागपूरच्या मेडिकलला पाठवतात. तिथे रक्ततपासणी, एक्स-रे, लागल्यास एमआरआय करतात. हा आजार मुळापासून जात नाही, पण औषध आणि रोजचा व्यायाम यांनी ताब्यात राहतो. विडी मात्र सोडावी लागते. धूम्रपानाने हा आजार बळावतो.

आणखी दोन गोष्टी

आपल्या समाजात, तसेच गोंड, माडिया बांधवांत सिकलसेल आढळतो. त्यातही पाठ, कंबर, खुबा असह्य दुखतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि पाठीत एकाच जागी दुखणे हे मणक्याच्या क्षयरोगाचे लक्षण असू शकते. त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पायातली ताकद गेली, जांघेजवळ बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काय करावे, काय करू नये

ताणाच्या दुखण्यात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. गरम शेक घ्या, हळूहळू चाला. रोवणीत अधूनमधून उभे राहून कंबर मागे ताणा. ओझे गुडघ्यांत वाकून, छातीजवळ धरून उचला.

पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणे, तापल्या लोखंडाचे डाग देणे, मांत्रिकाकडे जाणे यांनी रोग जात नाही. ताठरलेला मणका अशा एका दणक्याने मोडूही शकतो. दर आठवड्याला दुखण्याची सुई टोचून घेणेही घातक आहे. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते आणि खरा आजार झाकला जातो.

पंचविशीतल्या पोराची पाठ रोज सकाळी धरत असेल, तर "म्हातारा झालास का?" म्हणून त्याला हसू नका, अशी आमची विनंती आहे. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.