चौदा गाणी, हजार वऱ्हाडी

१९९४ साली मुंबईकराला सिनेमासाठी घराबाहेर पडायची फारशी गरज उरली नव्हती. व्हिडिओ कॅसेट कोपऱ्यावरच्या लायब्ररीत मिळत होती, केबलवाल्याची तार गॅलरीतून आत आली होती. त्या वर्षी ५ ऑगस्टला मरीन लाइन्सच्या ‘लिबर्टी’त सूरज बडजात्यांचा ‘हम आपके हैं कौन..!’ लागला आणि शंभराहून अधिक आठवडे हलला नाही.

निर्मिती करणाऱ्या ‘राजश्री’ने सुरुवातीला तो मोजक्याच थिएटरांत लावला आणि व्हिडिओचे हक्क रोखून धरले. ज्याला बघायचा, त्याने तिकीटखिडकीवर यावं. व्यापार म्हणून ही चाल हुशारीची होती. पण कॅसेट मिळत नाही एवढ्या कारणाने कोणी साडेतीन तासांचा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत नाही. माझ्या मते खरं कारण त्याच्या चौदा गाण्यांत आहे.

कथा ‘राजश्री’च्याच ‘नदिया के पार’ची (१९८२). थोरल्या भावाचं लग्न, वहिनीचा अकाली मृत्यू आणि तिच्या तान्ह्या बाळासाठी आपलं प्रेम सोडायला निघालेले धाकटा दीर आणि तिची बहीण. पूर्वांचलातल्या खेड्यातली ही गोष्ट बडजात्यांनी मोठ्या बंगल्यात आणली आणि लग्नघरातले विधी ऐसपैस मांडले. लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाहतोय असं वाटतं, अशी टीका तेव्हा झाली. मला तीच या चित्रपटाची ताकद वाटते.

त्यातली गाणी नीट पाहा. बरीचशी दोघांची नाहीतच, ती दोन गटांची आहेत. नवरदेवाचे जोडे पळवले जातात तेव्हा एकीकडे करवल्या, दुसरीकडे नवऱ्याकडची पोरं. उशी फिरवत खेळलेल्या गाण्यांच्या खेळात घरातल्या थोरामोठ्यांनाही पाळी चुकत नाही. बघणारा आपसूक कुठल्यातरी पक्षात जातो. एकट्याने पाहिलं तर हे नुसतं नाचगाणं आहे, पण सात-आठ मैत्रिणींची रांग असेल तर तिथे लगेच दोन तट पडतात. थिएटर हजार वऱ्हाडींचा मांडव होतं ते असं.

‘दीदी तेरा देवर दीवाना’ या गाण्याची रचना तर मराठी बाईला शिकवावी लागत नाही. डोहाळजेवणाला जमलेल्या फक्त बायका, पुरुषांना मज्जाव, एक जण पुरुषाचं सोंग घेते आणि दिराची यथेच्छ टिंगल होते. ज्यांनी मंगळागौर जागवली आहे, त्यांना हा मोकळेपणा ठाऊक आहे. घरचं माणूस दारापलीकडे असताना मैत्रिणींत जे बोलता येतं, ते इथे पडद्यावर गायलं गेलं. या गाण्यासाठी लता मंगेशकरांना ‘फिल्मफेअर’चा विशेष पुरस्कार मिळाला.

या आनंदामागे मराठी हात पुष्कळ आहेत. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे हे पडद्यावर दिसतात. नृत्यं जय बोराडे यांची, त्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत ‘रामलक्ष्मण’ यांचं, म्हणजे नागपूरच्या विजय पाटलांचं. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’पासून सुरेंद्र आणि विजय ही जोडी ‘राम-लक्ष्मण’ या नावाने संगीत देऊ लागली. थोड्याच काळात सुरेंद्र गेले. पाटील पुढे एकट्याने काम करत राहिले, पण नाव दोघांचंच ठेवलं. मैत्रीच्या उत्सवाला चाली देणाऱ्या माणसाने मित्राला आयुष्यभर आपल्या नावात सांभाळलं, याचं मला फार मोल वाटतं.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांनी दिल्लीतल्या प्रेक्षकांशी बोलून या चित्रपटाचा अभ्यास केला. सगळ्या घराने संकोच न करता एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे, हे लोकांनी त्यांना आवर्जून सांगितलं. १९९८ मध्ये लंडनच्या ‘तमाशा’ या नाट्यसंस्थेने त्याचं इंग्रजी रंगमंचीय रूपांतर केलं. परदेशात वाढलेल्या मुलांनाही तो मांडव आपला वाटला.

या चित्रपटातलं घर फार श्रीमंत आहे, तिथल्या मुलींनी त्यागाला लगेच तयार व्हावं हे आज खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला तेव्हा आम्ही मैत्रिणी गेलो. उत्तरार्धातल्या त्या निर्णयावर आमचा तिथेच, दबक्या आवाजात वाद झाला. जोडे पळवायच्या वेळी मात्र सगळ्या जणी एका बाजूला होत्या, आणि पुढच्या रांगेतले अनोळखी लोक दुसऱ्या. घरच्या टीव्हीवर हा चित्रपट कितीदातरी लागला आहे, पण तो वाद आणि ती चुरस तिथे कधी झाली नाही.

म्हणून जुनी मोठी थिएटरं टिकावीत असं मला मनापासून वाटतं. हजार माणसांनी एकाच ठेक्यावर टाळी द्यावी एवढी जागा त्यांच्यात आहे. असे चित्रपट तिथे वर्षातून काही वेळा लागावेत, गायला मुभा असावी, आणि आपण तिकिटं जोडीने नाही, अख्ख्या रांगेची काढावीत.