विमान ओझरचे, इंजिन कोठले ?

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक ओलांडून पिंपळगावच्या दिशेने निघाले की निफाड तालुक्यातील द्राक्षबागांच्या मधोमध ओझर लागते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ साली उभा राहिला. त्याच्या सभोवतालची वसाहत पंचक्रोशीत आजही 'ओझर मिग' याच नावाने ओळखली जाते. ज्या विमानावरून हे नाव पडले ते मिग-२१ विमान मात्र आता हवाई दलात राहिलेले नाही. दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून येथेच जुळणी झालेल्या पहिल्या 'तेजस मार्क-१ए' विमानाने आकाशात झेप घेतली. एका पिढीचे विमान गेले आणि दुसऱ्या पिढीचे आले, असा हा योग होता.

या तेजसचा आराखडा भारतीय आहे आणि त्याची जुळणी भारतीय कामगारांनी केली आहे. त्याच्या पोटातील इंजिन मात्र अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे, एफ-४०४ जातीचे आहे. साठ वर्षे विमाने बांधणाऱ्या देशाला आपल्या लढाऊ विमानासाठी इंजिन बाहेरून का आणावे लागते, असा प्रश्न सुजाण नागरिकाच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. विमानखरेदीच्या वादातील बहुतेक गुंतागुंत याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

अग्नी आणि धातू

जेट इंजिनाचे तत्त्व फारसे अवघड नाही. पुढून हवा आत ओढावयाची, ती अनेक फिरत्या पात्यांच्या साहाय्याने दाबावयाची, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळावयाचे आणि तप्त वायू वेगाने मागे सोडावयाचा. वायू मागे जातो आणि विमान पुढे रेटले जाते. जाता जाता हा वायू टर्बाइनचे चाक फिरवितो आणि तेच चाक पुढची हवा दाबणारी पाती फिरविते. लढाऊ विमानात आणखी एक सोय असते, ती म्हणजे 'आफ्टरबर्नर'. टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन फवारून ते पेटविले की रेटा एकदम निम्म्याच्या आसपास वाढतो. परंतु इंधनाचा खप कितीतरी पटींनी वाढत असल्याने वैमानिक ही सोय उड्डाणाच्या वेळी किंवा झुंजीत थोडा वेळच वापरतो.

खरी अडचण आहे ती टर्बाइनच्या पात्यांची. आधुनिक इंजिनात या पात्यांवर आदळणाऱ्या वायूचे तापमान १,५०० अंश सेल्सियसच्या पुढे असते. पाती ज्या निकेलमिश्रित धातूची घडवितात तो धातू त्याहून कमी तापमानाला वितळतो. तरीही पाते वितळता कामा नये आणि मिनिटाला हजारो फेरे घेताना लांबताही कामा नये. यासाठी पाते आतून पोकळ ठेवतात, त्याला सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांतून थंड हवेचा पातळ थर पृष्ठभागावर खेळविला जातो आणि वर उष्णतारोधक लेप दिला जातो. सामान्य धातू असंख्य कणांचा बनलेला असतो व कणांच्या सांध्यांवर तो प्रथम दगा देतो. म्हणून संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याची विद्या विकसित झाली. ही विद्या जगातील मोजक्या देशांनाच साध्य आहे आणि ते ती सहसा विकत नाहीत. विमानाचा सांगाडा मोजून, उघडून, अभ्यासून पुष्कळसा उमजतो. पाते कोणत्या भट्टीत, कोणत्या गतीने थंड केले हे पाते हाती घेऊन समजत नाही.

मारुतची कहाणी

भारताने हा धडा फार लवकर गिरविला. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर येथे आखलेले एचएफ-२४ 'मारुत' हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने त्याचा आराखडा बेतलेला होता. त्यासाठी हवे असलेले अधिक शक्तीचे ब्रिटिश 'ऑर्फियस' इंजिन विकसितच झाले नाही; विकासाचा खर्च भारताने उचलावा ही सूचना त्या वेळी मान्य झाली नाही. अखेर सुमारे २,२०० किलो रेट्याची, आफ्टरबर्नर नसलेली दोन इंजिने बसवून काम भागविण्यात आले. देशातच ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न झाला, परंतु अशा एका प्रायोगिक मारुतच्या अपघातात १९७० साली ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. मारुतचे पहिले उड्डाणही याच वैमानिकाने केले होते. मारुतने १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर चांगली कामगिरी केली, पण ध्वनीचा वेग जेमतेम गाठणारे विमान म्हणूनच ते निवृत्त झाले. त्या वेळी वाचविलेला पैसा पुढे किती महाग पडला याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मिग-२१ चा मार्ग वेगळा होता. सोव्हिएत संघाने विमानासमवेत उत्पादनाचा परवानाही दिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. त्या काळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पुढे ओझरला सहाशेहून अधिक मिग-२१, त्यामागून मिग-२७ आणि चालू शतकात सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक लहान कारखान्यांना अचूक सुट्या भागांच्या कामाची सवय लागली. तथापि परवान्याखाली उत्पादन करणे म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावरून घर बांधणे होय. भिंत कशी उभारावी ते समजते, तेथेच का उभारावी ते समजत नाही.

ते 'का' समजून घेण्यासाठी बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेला १९८९ साली 'कावेरी' इंजिनाचे काम सोपविण्यात आले. तेजससाठी ८१ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाआठ टनांच्या आसपास रेटा अपेक्षित होता. इंजिन तयार झाले, चालले, २०१० साली रशियात एका मोठ्या विमानाला जोडून उडविलेही गेले. परंतु त्याचा रेटा कमी पडला आणि वजन ठरल्यापेक्षा वाढले. २००८ सालीच ते तेजसपासून वेगळे करण्यात आले होते. यास केवळ अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल. अत्युच्च उंचीवरील स्थिती निर्माण करून इंजिन तपासण्याची सोय देशात नव्हती व प्रत्येक मोठ्या चाचणीसाठी परदेशी जावे लागत होते. आज आफ्टरबर्नर नसलेली कावेरीची आवृत्ती वैमानिकरहित विमानासाठी विकसित केली जात आहे.

तुलना कशी करावी ?

कोणते विमान सर्वांत चांगले, असे शाळेतील मुले हटकून विचारतात आणि शिक्षकांची पंचाईत होते. हा प्रश्न बैलगाडी चांगली की ट्रॅक्टर चांगला, या प्रश्नासारखा आहे. काम कोणते हे आधी ठरले पाहिजे. सुखोई-३० हे जवळजवळ ३९ टनांपर्यंत भार घेऊन उडणारे अजस्र विमान आहे. त्याच्या दोन इंजिनांपैकी प्रत्येकाचा रेटा साडेबारा टन आहे, शिवाय इंजिनाचे मागील तोंड वळविता येत असल्याने ते हवेत चटकन दिशा बदलते. फ्रान्सचे राफाल साडेचोवीस टनांचे. त्याच्या प्रत्येक इंजिनाचा रेटा साडेसात टनच आहे, परंतु ते इंजिन अवघे नऊशे किलोंच्या आसपास भरते. म्हणजे स्वतःच्या प्रत्येक किलोमागे आठ किलोंहून अधिक रेटा. तेजस साडेतेरा टनांचे, एका इंजिनाचे, आकाराने लहान आणि म्हणूनच चालविण्यास स्वस्त. तिन्हींचे आकडे एका रकान्यात मांडून बेरीज करता येत नाही.

आणखी एक आकडा सहसा कोणी पाहत नाही, तो इंजिनाच्या आयुष्याचा. विमानाचा सांगाडा इंजिनाच्या कितीतरी पट टिकतो. हवाई दलाने २७२ सुखोई मागविली होती आणि प्रत्येकास दोन इंजिने असतानाही सप्टेंबर २०२४ मध्ये कोरापुटच्या कारखान्याकडे आणखी २४० इंजिनांची मागणी नोंदविण्यात आली. तिची किंमत सुमारे २६,००० कोटी रुपये आहे. विमान एकदा विकत घेतले तरी इंजिन पुन्हा पुन्हा घ्यावेच लागते.

खरेदीची वाट

ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्यासाठी पंप घेताना केवळ निविदेतील किंमत पाहिली आणि विजेचे बिल, दुरुस्ती व सुटे भाग पाहिले नाहीत, तर काय होते हे सरपंचांस सांगावयास नको. विमानाच्या बाबतीतही तेच आहे. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा मागविण्यात आल्या तेव्हा मूळ किमतीबरोबर संपूर्ण आयुष्यातील खर्चही मोजण्याचे ठरले. राफाल, युरोफायटर, ग्रिपेन, मिग-३५ आणि एफ-१६ व एफ-१८ ही दोन अमेरिकी विमाने, असे सहा उमेदवार होते. बंगळूरची दमट हवा, जैसलमेरची उष्णता आणि लेहची विरळ हवा अशा तिन्ही ठिकाणी त्यांची परीक्षा झाली. लेहची अट विशेष अवघड होती, कारण विरळ हवेत इंजिनाचा रेटा घटतो आणि थंड इंजिन सुरू करणेही कष्टाचे असते.

राफाल जानेवारी २०१२ मध्ये सर्वांत कमी खर्चाचे ठरले. पुढे वाटाघाटी लांबल्या. भारतात बांधल्या जाणाऱ्या विमानांची हमी कोणी द्यावयाची, या मुद्द्यावर एकमत होईना. २०१५ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सशी सरकारी पातळीवर ३६ तयार विमानांचा करार झाला. पहिली पाच विमाने जुलै २०२० मध्ये अंबाल्यास उतरली. निविदेपासून विमान उतरेपर्यंत तेरा वर्षे गेली. किमतीचा काही भाग भारतातील कामांत गुंतविण्याची अट या करारात होती. नागपूरच्या मिहानमध्ये २०१७ साली पायाभरणी झालेला, फाल्कन प्रवासी विमानांचे भाग करणारा कारखाना त्याच काळातील आहे.

हवाई दलास लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. एका तुकडीत सोळा ते अठरा विमाने धरली तर ही तूट केवढी आहे ते कळते, आणि ती भरून काढण्याचा मुख्य भार तेजसवर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ६२,३७० कोटी रुपयांस आणखी ९७ विमानांची मागणी नोंदविण्यात आली. पहिल्या मागणीतील विमाने मार्च २०२४ पासून यावयाची होती. त्यांच्यासाठी मागविलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये हाती आले. अन्य चाचण्याही बाकी होत्या, हे खरे. परंतु सांगाडे उभे आणि इंजिन नाही, ही स्थिती मारुतच्या काळाची आठवण करून देणारी होती.

यातून मार्ग काढण्याचे दोन प्रयत्न चालू आहेत. तेजसच्या पुढील आवृत्तीसाठी अधिक शक्तीचे एफ-४१४ इंजिन भारतात तयार करण्याबाबत जून २०२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक व हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांच्यात सामंजस्य करार झाला. पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतात इंजिन घडविण्याकडे पाऊल टाकत असल्याचे संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. अशा करारांत पात्यांची विद्या प्रत्यक्षात किती मिळते, यावरच त्यांचे मोल ठरेल; टक्केवारीचे आकडे तेवढ्यापुरते बाजूला ठेवलेले बरे.

ओझरच्या नव्या जुळणी शाखेची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे, आणि बंगळूरच्या दोन शाखा धरून ती चोवीसपर्यंत जाईल. ९७ विमानांसाठी लागणाऱ्या ११३ इंजिनांचा करार ७ नोव्हेंबर २०२५ रोजी झाला. ही इंजिने २०२७ ते २०३२ या काळात यावयाची आहेत.