थंडीतल्या गरम पाण्याचा हिशेब

रेशनच्या दुकानासमोर माणसांऐवजी डब्यांची रांग लागायची, ती पाहिलेली पिढी अजून फार म्हातारी झालेली नाही. 'घासलेट आले' ही बातमी गल्लीत पसरली की अम्मी आधी डबा पाठवायच्या आणि मग कार्ड शोधायच्या. पुस्तकात त्याला रॉकेल म्हणतात, आपल्या घरांत घासलेट किंवा मिट्टी का तेल. रेशनच्या तेलाचा निळा रंग मुद्दाम मिसळलेला असे, म्हणजे ते पेट्रोल-डिझेलमध्ये घातले तर ओळखू यावे.

थंड देशांत घरच्या टाकीत तेल भरून ठेवतात आणि त्यावर सगळे घर तापते. आपल्या बीड जिल्ह्यात खोली कोणी तापवत नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडे, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते, पण तेवढ्यासाठी गोधडी आणि वाकळ पुरते. आपल्याला तापवायचे असते ते पाणी. फजरच्या वुजूचे, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आंघोळीचे, दादीच्या दुखऱ्या गुडघ्यांचे. हे पाणी बरीच वर्षे घासलेटच्या स्टोव्हवर तापले, कारण त्याचा भरवसा होता. वीज जायची, लाकूड ओले निघायचे, पण डब्यात दोन लिटर तेल असले की सकाळची चिंता नसायची.

तो आधार एका दिवसात गेला नाही. आधी गॅसजोडणी असलेल्या कार्डांवरचे तेल कमी झाले, मग बंद झाले. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत कधी सिलिंडर नव्हते तिथेही ते आले. त्याच वर्षापासून रेशनच्या रॉकेलचा दर थोडा थोडा, २५-२५ पैशांनी, वाढत गेला. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रॉकेलच्या अनुदानासाठी तरतूदच उरली नाही. धूर गेला, स्टोव्हचे भडके गेले, हे चांगलेच झाले. (वर्तमानपत्रांत छापून येणारे सगळे भडके स्टोव्हचेच नसत, हेही गावाला ठाऊक असे. तो विषय वेगळा आहे.) पण सिलिंडर स्वयंपाकासाठी आले. आंघोळीच्या पाण्याचे काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर सोडला गेला.

आम्ही वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घेतो, कारण भागाकार शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीत टाकीतले पाणी १५ अंशांचे धरा, आंघोळीला ४० अंशांचे हवे. म्हणजे २० लिटरच्या बादलीला ५०० किलोकॅलरी लागतील. एक लिटर घासलेटमधून साधारण ८,३०० किलोकॅलरी मिळतात, पण स्टोव्हवर त्यातल्या निम्म्या इकडेतिकडे जातात. उरल्या त्यात बादल्या होतात आठ. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये, शेगडीवरचे नुकसान वजा करून, अंदाजे १८५ बादल्या निघतात. विजेच्या रॉडला एका बादलीसाठी अर्ध्या युनिटहून थोडे जास्त लागते. ०.६ धरू.

आता सहा माणसांचे घर घ्या. रोज सहा बादल्या, महिन्याला १८०. म्हणजे नुसत्या आंघोळीत एक आख्खे सिलिंडर संपले! विजेवर तापवले तर महिन्याला १०८ युनिट. इथे एक गोष्ट बऱ्याच घरांच्या लक्षात येत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. पंखे बंद असूनही थंडीतले बिल मोठे का येते, त्याचे उत्तर बहुधा मोरीत सापडते. घासलेट खुल्या बाजारात मिळाले तरी लिटरमागे आठच बादल्या, तेव्हा भाव विचारून स्वतःच भागून पाहा. पाणी तापवण्यासाठी त्याच्या मागे लागण्यात आता अर्थ नाही. आणि स्टोव्हमध्ये डिझेल तर कधीच घालू नका. काजळी आणि धूर इतका होतो की त्या खोलीत श्वास घेववत नाही.

खर्च कमी करायचा तर इंधनाच्या आधी पाण्याकडे बघावे. गच्चीवरच्या टाकीतले पहाटेचे पाणी सर्वांत थंड असते. तेच पाणी आदल्या दुपारी चार वाजता, टाकी उन्हात तापलेली असताना, खाली उतरवून घरात झाकून ठेवले तर सकाळी ते सहज २० अंशांचे राहते. १५ वरून ४० पर्यंत न्यायचे त्याऐवजी २० वरून न्यायचे, म्हणजे पाचवा हिस्सा खर्च वाचला. विजेवर महिन्याला सुमारे २२ युनिट वाचतात आणि १०८ चे ८६ होतात. पिंपाला काळा रंग असेल आणि ते दुपारभर उन्हात असेल तर फरक आणखी वाढतो. तापवताना भांड्यावर झाकण हवे, हे सांगायला नको, पण दहा मोऱ्यांत डोकावून पाहा, किती झाकणे दिसतात?

ज्यांना अंगण आहे त्यांचे काम सोपे. आपला जिल्हा कापसाचा आणि तुरीचा. वेचण्या संपल्या की पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर पडून असतात, पुष्कळ शेतकरी त्या पेटवून देतात. त्या वाळलेल्या आणून पत्र्याखाली ठेवल्या तर बंबाला पूर्ण हंगाम पुरतात. बंब मात्र अंगणातच हवा.

रॉडविषयी दोन वाक्ये लिहायलाच हवीत. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत तो लावू नये, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. घरात अर्थिंग नीट नसेल तर आधी वायरमनला बोलवा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. पाण्याची काळजी घेणारी आपली घरे आगीच्या बाबतीत एका ठिकाणी डोळे मिटतात, ते म्हणजे बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दाराला पडदा, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. नानी सांगतात, धूर संपला, आता निखारा स्वच्छ आहे, राहू द्या रात्रभर.

धोका नेमका त्या स्वच्छ दिसणाऱ्या निखाऱ्यातच आहे. कोळसा कोंडलेल्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धुराने माणूस खोकत तरी उठतो, या वायूने तो अधिकच गाढ झोपतो. रक्त ज्या कणांतून प्राणवायू वाहते, त्यांनाच तो घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे बाळंतिणीच्या अशक्तपणासारखीच दिसतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. बाळ तर बोलूच शकत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. आपल्याकडे थंडी कमी, पण खोलीही लहान असते.

घरातल्या मोठ्यांशी वाद घालून ही रीत थांबणार नाही, आणि शेक घेण्यात वाईट काही नाही. शेक घ्यावा, पण दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून. शेक झाला की शेगडी उचलून बाहेर न्यावी, झोपेच्या वेळी खोलीत एकही निखारा नसावा. बाळाला ऊब हवी तर टोपी, मोजे आणि आईची छाती. अंगाला अंग लावून वर पांघरूण घेतले की बाळ गरम राहते. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यातही हीच पद्धत सांगतात. शेगडी असलेल्या खोलीत कोणी सुस्त पडलेले दिसले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी खोली तापवायचीच असेल तर तेल भरलेला विजेचा हीटर मिळतो. त्यातले तेल जळत नाही, संपतही नाही, नुसते तापून ऊब धरून ठेवते. १,५०० वॉटचा हीटर सलग चार तास चालला तर सहा युनिट जातात, हे ध्यानात ठेवून वापरावा. अर्थात वीज असेल तर. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेला हा जिल्हा, पण २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

यातले काहीही ज्यांच्या उपयोगाचे नाही, अशी हजारो घरे याच जिल्ह्यातली आहेत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पूर्ण हिवाळा सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात कोपीत काढतात. सिलिंडर गावच्या घरात कुलूपबंद आणि इकडे पाचटाच्या कोपीशेजारी चूल. ओळखपत्रावर, पत्त्याचा पुरावा न देता, ५ किलोचे छोटे सिलिंडर विकत मिळते, पण त्यावर अनुदान नाही. पहाटेच्या अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला आंघोळीचे गरम पाणी कोण देणार, याचे उत्तर आम्हाला एकाही योजनेत दिसले नाही.

ज्यांची स्वतःची गच्ची आहे, त्यांनी सौर बंबाचा विचार आताच करावा. तीन-चार माणसांना १०० लिटरचा पुरतो. टाकीला वेष्टण असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या पहाटेपर्यंत गरम राहते. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, म्हणून वर्षातून एकदा साफसफाई ठरवूनच घ्यावी. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी येतो. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, आणि २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसऱ्यांदा. पुढची काही वर्षे सहरीला उठणाऱ्या दादा-दादीला वुजूचे पाणी कडाक्याच्या थंडीत लागणार आहे. माणशी दोन लिटर धरले तरी पुरते. रात्री झोपताना एक मोठा थर्मास भरून मोरीजवळ ठेवला, तर पहाटे कोणालाच काही पेटवावे लागणार नाही.