वाजवून दिलेले मडके

घरबसल्या बाजार : भाग ७

डिचोलीच्या बाजारात मडके घ्यायला आलेली बाई आधी ते उचलते, कानाजवळ धरते आणि बोटाच्या पेराने वाजवते. खणखणीत नाद आला की पैसे काढते. बद्द आवाज आला तर ते खाली ठेवून दुसरे उचलते. विकणाराही तो आवाज ऐकत असतो. दोघांनी एकच नाद ऐकून सौदा केलेला असल्यामुळे घरी गेल्यावर ‘तडा गेलेले दिलेत’ असे म्हणायची वेळ सहसा येत नाही.

ऑनलाइन विक्रीत हा नादच मधून निघून जातो. मातीच्या वस्तू खोक्यात कशा भरायच्या ते मागच्या भागात पाहिले. आज पाहू, ‘वस्तू फुटलेली आली’ असा निरोप आला आणि तो आपल्याला पटला नाही, तर काय करायचे.

समजा, डिचोलीतल्या एका विक्रेत्याने चवथीसाठी पुण्याला घुमट पाठवले. गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून मान दिलेले हे वाद्य म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. चवथीच्या चार दिवस आधी पार्सल पोचल्याची नोंद आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निरोप येतो : ‘घुमट फुटकेच आले. पैसे या नंबरवर पाठवा.’ सोबत एका खापरीचा फोटो. खोके म्हणे टाकून दिले.

आरत्या आटोपल्यावर आलेली तक्रार कोणालाही खटकेल. पण माती प्रवासात खरोखरच फुटते, आणि खरेदीदार परगावी असल्यामुळे त्याने खोके उशिरा उघडले असेल, हेही शक्य आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की संशय आला तरी आरोप करू नका आणि विश्वास बसला तरी पुरावा मागायचे सोडू नका. प्रत्येक खरेदीदाराला तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा. खऱ्या माणसाला त्यांचा राग येत नाही आणि खोट्याला त्यांतून वाट सापडत नाही.

पहिले उत्तर ४८ तासांच्या आत गेले पाहिजे. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत तक्रारीची पोच देण्याची हीच मुदत आहे, आणि निवारणासाठी एक महिना. उत्तर असे लिहा : ‘आपली तक्रार मिळाली. वस्तू फुटली असेल तर भरपाईची जबाबदारी आम्ही टाळणार नाही. पुढील गोष्टी पाठवाव्यात, म्हणजे लगेच निर्णय घेता येईल.’ हे उत्तर ज्या संकेतस्थळावरून विक्री झाली तिथल्याच संदेशपेटीतून पाठवा. फोनवर झालेले बोलणे नंतर सिद्ध करता येत नाही.

मागायच्या गोष्टी चार : खोक्याच्या सर्व बाजूंचे आणि पत्त्याच्या चिठ्ठीचे फोटो, आतल्या भरावाचा फोटो, सगळे तुकडे एकत्र मांडून काढलेला फोटो, आणि वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला छोटा व्हिडिओ. नुसता तडा गेल्याची तक्रार असेल तर त्या व्हिडिओत वस्तू बोटाने वाजवून दाखवायला सांगा. फोटोवर खोटा तडा चढवणे आता मोबाइलवर चुटकीसरशी होते. तडकलेल्या मातीचा बद्द आवाज तितक्या सहज आणता येत नाही.

आलेला पुरावा शांतपणे वाचा. प्रवासात आपटलेल्या वस्तूच्या खोक्याचा कोपरा बहुधा चेपलेला असतो आणि तळाशी मातीचा चुरा सापडतो. ताज्या तुटीची कड स्वच्छ दिसते, जुन्या तुटीवर धूळ किंवा तेलकट डाग असतात. कातडे सैल झाल्याची तक्रार मात्र वेगळी. दमट हवेत ते सैल पडतेच आणि ऊब मिळाली की पुन्हा ताणले जाते. ही मोडतोड नव्हे, हे खरेदीदाराला नीट समजावून सांगा.

पुरावा पटला तर पैसे ताबडतोब परत करा, पण ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने. वेगळ्या नंबरवर पाठवलेल्या रकमेची संकेतस्थळाकडे नोंद राहत नाही आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा मागितली जाऊ शकते. खासगी कुरिअरकडून भरपाई हवी असेल तर पार्सल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात तशी अट आहे. टपाल खात्याला हा कायदा लागू नाही, तिथे त्यांच्या नियमांप्रमाणे तक्रार करावी.

पुरावा आलाच नाही तर एक स्मरणपत्र पाठवा. मग सर्व कागद जोडून प्रकरण संकेतस्थळाच्या तक्रार विभागाकडे सोपवा. खरेदीदाराचे नाव, पत्ता किंवा फोन समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मात्र आवरा. आपला अंदाज चुकला तर एका निर्दोष माणसाची बदनामी आपल्या हातून झालेली असेल.

कायद्याचे वजन कोणाच्या बाजूला आहे, तेही लक्षात घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुण्याचा ग्राहक पुण्याच्याच जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला शुल्क पडत नाही. डिचोलीच्या विक्रेत्याला तिथे उत्तर द्यावे लागेल. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी ही लढाई परवडत नाही. म्हणूनच आपला पुरावा वस्तू घराबाहेर पडण्याआधी तयार हवा.

तो तयार करायला पाच मिनिटे लागतात. वस्तूच्या तळाशी आपली खूण आणि क्रमांक घाला, म्हणजे परत आलेले फुटके घुमट आपलेच की कुणाचे जुने, ते कळेल. भरलेल्या खोक्याचे वजन लिहून ठेवा. मग न थांबवता एकच व्हिडिओ काढा : खूण, चारही बाजू, बोटाने वाजवलेला नाद, भराव, चिकटपट्टी, पत्त्याची चिठ्ठी. मूळ फाइल काटछाट न करता जपा. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

पेडण्याहून हरमलची मिरची पाठवणाऱ्यांना नाद ऐकवता येणार नाही. त्यांनी प्रत्येक भरणीतली एक बंद पुडी तारीख घालून घरी ठेवावी. ‘बुरशी होती’ अशी तक्रार आली तर ती उघडून पाहता येईल, आणि तिलाही बुरशी लागलेली निघाली तर आपली चूक आपल्यालाच आधी कळेल.

तो व्हिडिओ पार्सल निघतानाच खरेदीदाराला पाठवा. त्याने तो ऐकला की डिचोलीच्या बाजारातली जुनी रीत पुन्हा पुरी होते : नाद दोघांनी ऐकला, मग सौदा झाला.

पुढील भागात : परत आलेले पार्सल कसे उघडावे.